शोध लागला, की शोध लावला?

पत्राचा सारांश

उत्तर महाराष्ट्रातील एका शहरात राहणाऱ्या, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ३९ वर्षांच्या शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. त्यांची आई स्तनाच्या कर्करोगाने वयाच्या ४६व्या वर्षी गेली. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या सख्ख्या मावशीला अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. कुटुंबाचा इतिहास ऐकून मावशीच्या डॉक्टरांनी पत्रलेखिकेला ‘ब्राका-१’ आणि ‘ब्राका-२’ या जनुकांची तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला; या जनुकांत दोष असला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. रक्त देण्याआधी हाती आलेल्या संमतीपत्रात एक कलम होते : उरलेला नमुना आणि त्यातून मिळालेली माहिती संशोधनासाठी व व्यापारी उत्पादनांसाठी वापरता येईल, आणि त्यातून होणाऱ्या लाभावर नमुना देणाऱ्याचा कोणताही हक्क राहणार नाही. तिथे त्यांचा हात थांबला आणि त्या सही न करता घरी परतल्या. भाऊ म्हणतो, ‘कंपन्या माणसाच्या जनुकांचे पेटंट घेतात, अमेरिकेत यावर मोठा खटला झाला होता, तू रक्त देऊच नकोस.’ पती म्हणतात, ‘सगळेच सह्या करतात, तूही कर आणि मोकळी हो.’ त्या विचारतात : ‘आईकडून माझ्या रक्तात आलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या मालकीची होऊ शकते का? होऊ द्यावी का? दहावीच्या मुलांनी हेच विचारले तर मी काय सांगू? आणि मुख्य म्हणजे सही करू की नको? मला चौदा वर्षांची मुलगी आहे.’

उत्तर

तुम्ही संमतीपत्र वाचलेत आणि न पटलेल्या कलमापाशी थांबलात, हे योग्यच केलेत. थांबण्याची मुभा असते म्हणूनच संमतीला संमती म्हणायचे. मात्र तुमच्या पत्रात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सुटे केल्याखेरीज सहीचा निर्णय नीट होणार नाही. जनुकावर कुणाला पेटंट मिळू शकते का आणि मिळावे का, हा एक प्रश्न. तुमच्या रक्ताच्या नमुन्याचे आणि त्यातून निघणाऱ्या माहितीचे पुढे काय होते, हा दुसरा. भावाच्या मनातली भीती पहिल्या प्रश्नाची आहे. ज्या कलमापाशी तुमचा हात थांबला, ते दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. पहिल्याचे उत्तर निदान आपल्या देशापुरते तरी दिलासा देणारे आहे. दुसऱ्यासाठी अधिक सावध राहावे लागेल.

भावाने सांगितलेला खटला खरा आहे आणि तो याच दोन जनुकांवरून झाला होता, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले, की काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या, तरुण वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावरील एका ठरावीक भागात आहे. त्या भागातले नेमके जनुक हाती लागावे म्हणून अनेक प्रयोगशाळांत चढाओढ सुरू झाली. १९९४ साली युटा विद्यापीठातील संशोधक आणि त्यांच्याशी जोडलेली मिरियड जेनेटिक्स ही कंपनी यांना ‘ब्राका-१’ची संपूर्ण मांडणी उलगडता आली. पुढच्याच वर्षी, तेराव्या गुणसूत्रावरील ‘ब्राका-२’वर ब्रिटनमधील एका गटाने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्याच सुमारास मिरियडने त्या जनुकासाठीही पेटंटचा अर्ज केला. या पेटंटांमध्ये केवळ चाचणीची एखादी पद्धत नव्हती. शरीरातून वेगळे काढलेले जनुकच त्यांत मागितले होते आणि अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ते दिले.

त्याचा परिणाम रुग्ण स्त्रियांना सोसावा लागला. ही चाचणी करणाऱ्या इतर प्रयोगशाळांना नोटिसा गेल्या आणि अमेरिकेत चाचणी विकणारी एकच जागा उरली. तिथला दर तीन हजार डॉलरांच्या वर पोहोचला. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की अंडाशय किंवा स्तन काढून टाकण्याचा निर्णय ज्या अहवालावर घ्यायचा, तो अहवाल दुसऱ्या प्रयोगशाळेकडून पडताळून घेण्याची सोय राहिली नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कर्करोगाचा दाट इतिहास असूनही कंपनीच्या चाचणीत ‘दोष नाही’ असा निकाल आलेल्या ३०० कुटुंबांची निराळ्या पद्धतींनी तपासणी केली, तेव्हा त्यांतील सुमारे १२ टक्के कुटुंबांत याच दोन जनुकांमधले मोठे फेरबदल सापडले. एकच प्रयोगशाळा, एकच पद्धत आणि तिच्या नजरेतून निसटलेले पाहायला दुसरे कुणी नाही, अशी ती स्थिती होती. जनुकाच्या पेटंटाविषयी माझे मत ज्या गोष्टींनी घडले, त्यांत ही सगळ्यात वरची आहे.

२००९ साली रुग्ण स्त्रिया, डॉक्टर आणि संशोधकांच्या संघटना मिळून न्यायालयात गेल्या. २०१० साली न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी ही पेटंटे रद्द ठरवली. २०११ साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय बराचसा फिरवला. त्या निकालाशी असहमत झालेल्या न्यायमूर्ती ब्रायसन यांनी लिहिलेला दाखला मला शिक्षकी पेशाच्या माणसासाठी फार उपयोगी वाटतो : झाडाचे पान खुडून हातात घेतले म्हणून ते पान खुडणाऱ्याने निर्माण केले असे होत नाही. शेवटी १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की निसर्गात जसेच्या तसे आढळणारे जनुक केवळ शरीरातून वेगळे काढले म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही. जनुकावरून पेशी जो निरोप तयार करते, त्याच्या आधारे प्रयोगशाळेत उलट बांधलेला, मधले अनावश्यक तुकडे गळलेला डीएनए मात्र निसर्गात तसा नसतो, म्हणून त्यावर पेटंट मिळू शकेल, असेही न्यायालयाने म्हटले. निकालाच्या दिवशीच इतर प्रयोगशाळांनी ही चाचणी सुरू करत असल्याचे जाहीर केले. तेव्हा भाऊ सांगतो तो खटला जनुकांची पेटंटे घेतली जातात याचा दाखला खराच, पण त्याहून अधिक तो ती पेटंटे पडल्याचा दाखला आहे.

आता तुमच्या दहावीच्या वर्गाकडे वळते. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो : शोध. पण क्रियापद बदलले की अर्थही बदलतो. आधीपासून असलेली गोष्ट सापडते, तेव्हा तिचा शोध लागतो. आधी नसलेली गोष्ट कुणीतरी घडवते, तेव्हा त्याने तिचा शोध लावलेला असतो. बोलताना आपण ही सीमा नेहमी पाळत नाही, आणि पाठ्यपुस्तकेही पाळत नाहीत. मुलांना विचारून पाहा : गुरुत्वाकर्षणाचा शोध आणि विजेच्या दिव्याचा शोध एकाच जातीचे आहेत का? पेटंट हे शोध लावणाऱ्यासाठी असते. आपली युक्ती त्याने जगापुढे उघड करावी आणि त्या बदल्यात अर्ज केल्यापासून वीस वर्षे ती इतरांना वापरू न देण्याचा हक्क त्याला मिळावा, असा तो समाजाशी केलेला करार आहे. ब्राका-१ लाखो वर्षे माणसांच्या पेशींत होते. कुणीतरी अपार कष्टांनी ते हुडकून काढले, हे पूर्णपणे आदराला पात्र आहे. पण ते घडवले कुणीच नाही.

मुलांपैकी एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, की मग कंपन्यांनी संशोधनावर पैसा का ओतावा? या प्रश्नाला झटकून टाकू नका, कारण त्यात तथ्य आहे. मधुमेहाच्या रुग्णांना आज मिळणारे मानवी इन्सुलिन हे उदाहरण घ्या. माणसाच्या इन्सुलिनची सूचना प्रयोगशाळेत बांधून ती जिवाणूच्या पोटी घालायची आणि त्याच्याकडून औषध करवून घ्यायचे, हे १९७८ साली साधले आणि १९८२ साली ते औषध बाजारात आले. इथे कुणीतरी काहीतरी घडवले आहे. मूळचे बंगालचे शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेल पचवणारा जिवाणू घडवला होता; त्यावर पेटंट मिळू शकते हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केले, तेही याच तर्काने. अशा कामांना काही काळ संरक्षण मिळायला माझा विरोध नाही. पण जनुकाच्या पेटंटात एक अडचण अशी आहे, जी इतर पेटंटांत नसते. कुणी उंदराच्या पिंजऱ्याचे पेटंट घेतले, तर दुसरा कारागीर वेगळ्या रचनेचा पिंजरा करू शकतो. ब्राका-१ला पर्याय म्हणून दुसरे ब्राका-१ कुणीही घडवू शकत नाही. त्या जनुकाविषयी जे काही जाणायचे, ते त्याच एका दारातून जाऊन जाणायचे, आणि ते दार एकाच्या ताब्यात द्यायचे का, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. शिवाय हे जनुक शोधणारे गट अनेक होते, त्यांतील बऱ्याच कामाला सरकारी पैसा लागला होता, आणि ज्या कुटुंबांनी आपल्या घरातील मृत्यूंची नोंद उघडी करून रक्त दिले, त्यांच्यावाचून कुणालाही काही सापडले नसते.

आपल्याकडे काय आहे, ते पाहू. अमेरिकेतले पेटंट भारतात लागू होत नाही. प्रत्येक देशाचे पेटंट त्या देशापुरते असते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(सी) निसर्गात आढळणाऱ्या सजीव किंवा निर्जीव पदार्थाच्या नुसत्या शोधाला पेटंटयोग्य मानत नाही. देशातील पेटंटांचा कारभार पाहणाऱ्या महानियंत्रकांच्या कार्यालयाने २०१३ साली जैवतंत्रज्ञानाच्या अर्जांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की निसर्गातून थेट वेगळ्या काढलेल्या जनुकक्रमांवर पेटंट देता येत नाही. वेगळे काढण्याच्या नव्या प्रक्रियेचा मात्र विचार होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली, एका कर्करोगग्रस्त बाईंनी चालवलेल्या दाव्यात, अमेरिकेपेक्षाही एक पाऊल पुढे जाऊन प्रयोगशाळेत बांधलेल्या त्या डीएनएलाही पेटंट नाकारले. युरोपात मात्र युरोपीय संघाच्या १९९८ च्या निर्देशानुसार शरीरातून वेगळ्या काढलेल्या जनुकावर, त्याचा उपयोग दाखवला तर, आजही पेटंट मिळू शकते. म्हणजे जगाने एकच उत्तर दिलेले नाही, आणि अमेरिकेतही तो निकाल कायदा करून फिरवण्याचे प्रयत्न अधूनमधून होतच असतात. म्हणून या विषयावर सामान्य नागरिकांनी, विशेषतः शिक्षकांनी, मत बनवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, कारण तुमच्या प्रश्नात ‘मालकी’ हा शब्द आला आहे. ज्या काळात ती पेटंटे जिवंत होती, त्या काळातही एखाद्या स्त्रीच्या शरीरातील जनुक कंपनीच्या मालकीचे झालेले नव्हते. तिच्या मुलीला ते जनुक मिळाले म्हणून कुणाचा हक्क बुडत नव्हता. पेटंटाने अडवले होते ते प्रयोगशाळांना आणि डॉक्टरांना. तेव्हा रक्त दिल्याने तुमच्यातले काही कुणाच्या नावावर चढेल ही भीती मनातून काढून टाका. कुटुंबात अशा चर्चा निघाल्या की हळदीच्या पेटंटाची आठवण हमखास निघते, आणि ती निघावीही; गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ साली ते अमेरिकी पेटंट रद्द करवले, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु तो मुद्दा वेगळा होता. जखमेवर हळद लावणे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते, त्यात नवे काही नव्हते, म्हणून ते पेटंट पडले. ब्राका-१ कुणालाच ठाऊक नव्हते; ते नवे होते, पण निसर्गाचे होते. भावाशी बोलताना हा फरक सांगा.

आता तुमच्या सहीविषयी. इथे तुमच्या मनातल्या अस्वस्थतेला आधार आहे, आणि पतींच्या ‘सगळेच करतात’ या उत्तराने तिचे समाधान होत नाही. जॉन मूर नावाच्या रुग्णाची हकीकत अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला शिकवतात. एका दुर्मीळ रक्ताच्या कर्करोगासाठी १९७६ साली कॅलिफोर्नियात त्यांची प्लीहा काढली. पुढची सात वर्षे त्यांना सिअ‍ॅटलहून बोलावून रक्त आणि इतर नमुने घेतले जात होते. १९८३ साली त्यांच्यापुढे एक संमतीपत्र आले, ज्यात आपल्या पेशींपासून होणाऱ्या उत्पादनांवरील सर्व हक्क ‘देत आहे’ किंवा ‘देत नाही’ असे पर्याय होते. एका भेटीत मूर यांनी ‘देत नाही’ या शब्दांभोवती वर्तुळ काढले, आणि डॉक्टरांकडून त्यांच्यामागे तगादा सुरू झाला. वकिलाने चौकशी केली तेव्हा समजले, की त्यांच्या पेशींवर पेटंटाचा अर्ज झाला होता. १९८४ साली ते मंजूरही झाले. १९९० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शरीरातून काढलेल्या पेशींवर मूर यांची मालकी धरता येत नाही, पण डॉक्टरांनी आपला आर्थिक हितसंबंध रुग्णाला आधी सांगायलाच हवा होता. या निकालाचा पहिला भाग मला पटत नाही. दुसरा भाग मात्र तुमच्या आणि माझ्या कामाचा आहे : आपल्याला काय विचारायचा हक्क आहे, ते तो सांगतो.

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे याबाबत अधिक उदार आहेत. त्यांच्यानुसार संशोधनासाठी दिलेला नमुना आणि त्यातली माहिती देणाऱ्याची असते, साठवणारी संस्था ती सांभाळणारी असते, आणि देणाऱ्याला आपली संमती मागे घेता येते. संमती स्वेच्छेने हवी. संशोधनाला नकार दिला म्हणून उपचार अडवता येत नाहीत. तुमच्या हाती आलेल्या कागदाची अडचण माझ्या मते हीच आहे, की त्यात तुमच्या जनुकांची तपासणी आणि संशोधनाला नमुना देणे या दोन गोष्टी एकाच सहीखाली बांधल्या आहेत. त्या वेगळ्या करून मागा. ‘तपासणीला माझी संमती आहे, उरलेल्या नमुन्याच्या वापराबद्दल मी नंतर सांगेन’ असे लेखी देण्याची मुभा विचारा. तशी मुभा नसेल तर दुसरी प्रयोगशाळा निवडा. ही चाचणी आता एकाच ठिकाणी होत नाही, आणि हे त्या खटल्यातील स्त्रियांचे आपल्यावरचे ऋण आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र दवाखाना आहे, तिथे समुपदेशनही मिळते.

नंतर त्या दुसऱ्या सहीचा विचार निवांतपणे करा, आणि इथे मी तुमच्या एका गृहीतकाला हलकेच हात लावणार आहे. नकार म्हणजे संरक्षण, असे तुम्ही धरून चालला आहात. नेहमीच तसे नसते. पेटंटाचा प्रश्न सुटला तरी एक गोष्ट उरली होती : इतक्या वर्षांत लाखो स्त्रियांच्या चाचण्यांतून जमलेली माहिती त्या कंपनीने स्वतःजवळ ठेवली होती, आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यापासून ती खुल्या संग्रहांना, म्हणजे सर्व संशोधकांना पाहता येणाऱ्या नोंदींच्या साठ्यांना, देणे थांबवले होते. जनुकात एखादा बदल सापडला, तर तो घातक आहे की निरुपद्रवी, हे असा बदल असलेल्या अनेक माणसांकडे पाहूनच समजते. जगातील खुल्या संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती फार अधिक आहे, त्यामुळे आपल्या बायकांच्या अहवालांवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येण्याची शक्यता जास्त राहते, आणि तो शेरा घेऊन घरी येणे किती जड जाते, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच ठाऊक. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना उपलब्ध केली, ती याच उणिवेपोटी. तुमच्या कुटुंबातील बदलाची नोंद, नाव-गाव वगळून, खुल्या संग्रहात गेली तर उद्या साताऱ्यातल्या एखाद्या मुलीला स्पष्ट उत्तर मिळू शकेल. म्हणून ‘माझी माहिती कुणालाच नको’ आणि ‘माझी माहिती एकट्या कंपनीला नको’ या दोन भूमिकांत खूप अंतर आहे, आणि मला दुसरी जवळची वाटते.

प्रयोगशाळेला सरळ प्रश्न विचारा. नमुना किती वर्षे ठेवणार आणि देशाबाहेर पाठवणार का? कोणता नमुना कुणाचा, हे सांगणारी यादी कुणाजवळ राहील? संमती मागे घेतली तर नमुना नष्ट झाल्याचे लेखी कळवाल का? सापडलेले बदल खुल्या संग्रहात नोंदवता का? पुढे एखाद्या अनिश्चित बदलाचा अर्थ स्पष्ट झाला तर आम्हाला कळवाल का? ‘कोणताही हक्क राहणार नाही’ हे वाक्य संशोधनाच्या संमतीत तुम्हाला खटकत असेल, तर ते खोडून त्याशेजारी सही करण्याची तयारी दाखवा आणि ते स्वीकारतात का पाहा. आर्थिक वाटा एका नमुन्यामागे मिळणे जवळपास अशक्य असते, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते. पण उत्तरे देताना समोरचा माणूस कचरतो की मोकळेपणी बोलतो, यावरून तुमचा निर्णय बराचसा होऊन जाईल.

‘आईच्या दुखण्यातून कुणीतरी पैसे कमावणार’ ही सल मात्र कागदाच्या कुठल्याही दुरुस्तीने जाणार नाही, आणि ती गेली पाहिजे असेही मी म्हणणार नाही. फक्त हे लक्षात घ्या, की ब्राकाविषयीच्या याच ज्ञानातून ओलापरिबसारखी औषधे आली, जी जनुकातील हा दोष असलेल्या अंडाशयाच्या कर्करोगावर वापरली जातात, आणि ज्यांचा विचार तुमच्या मावशीसाठीही होऊ शकतो. औषध ही घडवलेली वस्तू आहे, त्यावर पेटंट असू शकते. ते परवडत नसेल तर त्याविरुद्धही कायद्यात वाट आहे : मार्च २०१२ मध्ये मुंबईतूनच पेटंट नियंत्रकांनी कर्करोगाच्या सोराफेनिब या औषधासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीवाचून ते बनवण्याची परवानगी, दुसऱ्या कंपनीला दिला, तेव्हा महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळणारे औषध त्या कंपनीने ८,८०० रुपयांत द्यायचे ठरले. असा परवाना त्यानंतर आपल्याकडे पुन्हा दिला गेलेला नाही, याची मला खंत वाटते.

आता जी गोष्ट खरे तर सर्वांत आधी सांगायला हवी होती. अशा कुटुंबांत तपासणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करतात. तुमची चाचणी आधी झाली आणि त्यात काही सापडले नाही, तर त्याचा अर्थ नीट लावता येणार नाही, कारण कुटुंबात दोष आहे की नाही हेच ठाऊक नसेल. मावशींची तपासणी झाली आणि दोष सापडला, तर त्यांच्या उपचाराला दिशा मिळेल, आणि मग तुमच्यासाठी तेवढाच एक बदल पाहणारी, कमी खर्चाची चाचणी पुरेल. मावशींच्या डॉक्टरांना विचारा, की त्यांची जनुक तपासणी झाली आहे का. नसेल, तर पहिली सही तुमची असायची नाही, मावशींची असेल, आणि संमतीपत्रातली ही सगळी उठाठेव आधी त्यांना समजावून सांगावी लागेल. त्यांच्या प्रकृतीत त्यांना ते वाचण्याची ताकद असेलच असे नाही.

भावालाही एक गोष्ट प्रेमाने सांगा. आईकडे हा दोष असला तर तो मुलाला किंवा मुलीला मिळण्याची शक्यता सारखीच, म्हणजे निम्मी असते. पुरुषांतही त्यातून काही कर्करोगांचा धोका वाढतो आणि त्यांच्या मुलांपर्यंत तो पोहोचू शकतो. पेटंटावर तावातावाने बोलणारा भाऊ कदाचित याच भीतीपासून लांब राहू पाहत असेल. तुमच्या मुलीची तपासणी आता करायची नाही. मोठेपणी उद्भवणाऱ्या आजारासाठी अल्पवयीन मुलांची तपासणी टाळतात, आणि तिने तो निर्णय सज्ञान झाल्यावर स्वतः घ्यायचा आहे. आरोग्य किंवा आयुर्विम्याची नवी पॉलिसी घ्यायची असेल, तर चाचणीआधी तिच्या अटी वाचून घ्या, कारण जनुकीय माहितीवरून आरोग्यविम्यात भेदभाव करण्याविरुद्ध अमेरिकेत २००८ पासून जसा स्वतंत्र कायदा आहे, तसा आपल्याकडे अजून नाही. आणि हे सगळे चालू असताना स्तनांची डॉक्टरी तपासणी मात्र पुढे ढकलू नका. तुमचे वय आणि आईचे वय पाहता ती आत्ताच सुरू व्हायला हवी.

मावशींची पुढची भेट कधी आहे ते विचारून त्या दिवशी शाळेतून रजा घ्या. जाताना संमतीपत्राची कोरी प्रत मागून घ्या, रात्री मावशींजवळ बसून ती मराठीत वाचून दाखवा, आणि त्यांना काय वाटते ते तुमचे मत सांगण्याआधी विचारा.